एकशे दहावी ते टू पॅरा

[दृश्य : घोरपडी, दक्षिण कमांडचं राष्ट्रीय युद्ध स्मारक. कॅमेरा कोरलेल्या नावांवरून सावकाश सरकतो.]

पुण्यातलं हे स्मारक नागरिकांच्या वर्गणीतून उभं राहिलं आणि १९९८ साली खुलं झालं. इथली नावं स्वातंत्र्यानंतरच्या लढायांतली आहेत. ज्या पलटणीची ही चित्रफीत आहे, ती मात्र स्वातंत्र्याच्या दीडशे वर्षं आधीची. इतक्या काळात तिचं नाव इतक्यांदा बदललं, की आजोबांची पलटण आणि नातवाची पलटण एकच, हे घरातल्या घरातही लक्षात येत नाही.

[दृश्य : काळ्या पडद्यावर एकामागून एक नावं.]

१७९७ : मुंबई नेटिव्ह इन्फंट्रीच्या ५व्या रेजिमेंटची दुसरी बटालियन. १८२४ : १०वी मुंबई नेटिव्ह इन्फंट्री. १९०३ : ११०वी मराठा लाइट इन्फंट्री. १९२२ : ५व्या मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी बटालियन, म्हणजे जुन्या लोकांच्या तोंडची ‘थर्ड फिफ्थ’. १९४६ : तिसरी पॅराशूट बटालियन, मराठा लाइट इन्फंट्री. १९५२ : पॅराशूट रेजिमेंटची दुसरी बटालियन, कंसात मराठा. आज लष्करात सगळे तिला टू पॅरा म्हणतात. टीव्हीवर ‘पॅरा कमांडो’ म्हणून दाखवतात तेव्हा ती जणू १९५२ सालीच जन्माला आली असं वाटतं. म्हणून ही यादी आधी.

[दृश्य : शनिवारवाडा, दिल्ली दरवाजा.]

पलटण उभी राहिली ती कंपनी सरकारची. त्या वर्षी, म्हणजे १७९७ साली, पुण्यात दुसरा बाजीराव नुकताच गादीवर बसला होता आणि वर्ष संपता संपता नाना फडणवीस शिंद्यांच्या कैदेत पडले. इकडे दरबाराचं हे चाललेलं असताना तिकडे मुंबईची फौज दख्खन-कोकणातलीच माणसं पगारावर भरती करत होती. पगार महिन्याच्या महिन्याला मिळायचा. तेव्हाच्या दरबारी फौजांना हे क्वचितच जमलं, आणि भरती का होत होती याचं निम्मं उत्तर यातच आहे. मुंबई फौजेच्या जुन्या पलटणींत मराठे, महार, मुसलमान, परदेशी म्हणजे उत्तर हिंदुस्थानी, कोकणातले बेने इस्राएल म्हणजे ज्यू असे सगळे असायचे. १८९०च्या दशकात ‘लढाऊ जाती’ ठरवण्याचं खूळ आलं आणि महारांची भरती बंद झाली. पिढ्यान्‌पिढ्या शिपाईगिरी केलेल्या घरांना एका हुकुमाने दार बंद झालं. ११०व्या पलटणीत पुढे दिसतात ते मराठे आणि दख्खनी मुसलमान.

[दृश्य : जुनी चित्रं. डोंगरवाट, तोफा लादलेले हत्ती.]

‘लाइट इन्फंट्री’ हा किताब हबसाणातून, म्हणजे आजच्या इथिओपियातून आला. १८६८ साली जनरल नेपियर मुंबईहून फौज घेऊन मगदाल्याच्या किल्ल्यावर चालून गेला. सोबत तोफा वाहायला ४४ हत्ती. किल्ला १३ एप्रिलला पडला. मुंबईच्या ३ऱ्या आणि १०व्या पलटणीने तिथे केलेल्या कामाबद्दल १८७१ साली दोघींना हा किताब मिळाला. लाइट इन्फंट्रीची ओळख दोन गोष्टींवर. निशाणीत बिगूल, आणि कदम जलद : साध्या पायदळाची पावलं मिनिटाला १२०, यांची १४०. संचलनात हा फरक कानाला आधी कळतो. आवाज ऐका.

[संचलनाचा मूळ आवाज, दहा सेकंद. निवेदन नाही.]

[दृश्य : मेसोपोटेमियाची छायाचित्रं. नदी, होड्या, खंदक.]

१९१४, पहिलं महायुद्ध. ६वी पूना डिव्हिजन मुंबईहून मेसोपोटेमियाकडे, म्हणजे आजच्या इराककडे निघाली. तिच्या तीन ब्रिगेडी पूना, अहमदनगर आणि बेळगाव. तिघींतही मराठा पलटणी होत्या : पूना ब्रिगेडमध्ये ११७वी, नगर ब्रिगेडमध्ये १०३री आणि बेळगाव ब्रिगेडमध्ये आपली ११०वी. नोव्हेंबरात बसरा हातात आलं. एप्रिल १९१५ मध्ये शैबाला तुर्की फौज अंगावर आली, तेव्हा बसरा आणि शैबा यांच्यामध्ये पुराचं पाणी पसरलं होतं. कुमक गेली ती ‘बेलम’ नावाच्या लांबट होड्यांतून. पाणी संपलं तिथे चिखल आणि चिखल संपला तिथे मृगजळ : समोर दिसतंय ते घोडदळ की मेंढरं, हे दुर्बिणीतूनही ठरवता येत नसे. नोव्हेंबरात बगदादच्या उंबऱ्यावर, टेसिफॉनला डिव्हिजनची साडेचार हजारांवर माणसं मेली किंवा जखमी झाली. उरलेले मागे फिरले आणि ‘कूत’ गावात अडकले.

कूतचा वेढा : ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६. दिवस १४५.

[दृश्य : कूतचा नकाशा. तैग्रिस नदीचं वळण, तीन बाजूंनी पाणी.]

कूतमध्ये लढाईपेक्षा शिधा महत्त्वाचा ठरला, म्हणून जरा थांबून त्याचा हिशेब बघू. भाजीपाला संपला. जानेवारीच्या अखेरीपासून घोडे आणि खेचरं कापायला सुरुवात झाली. बहुतेक हिंदी शिपायांनी ते मांस नाकारलं, कारण गावी परतल्यावर भावकी काय म्हणेल ही धास्ती. धर्मगुरूंकडून बिनतारी संदेशाने परवानग्या मागवल्या गेल्या. तरी एप्रिल उजाडेपर्यंत बहुतेकांनी तोंड लावलं नाही. परिणाम असा, की एकाच गावात, एकाच वेढ्यात दोन फौजांना दोन वेगळे रोग झाले. गोरे शिपाई पांढऱ्या पिठाच्या पावावर होते. त्या पिठात कोंडा नाही, म्हणून त्यांना बेरीबेरी. हिंदी शिपायांच्या आट्यात कोंडा होता, पण ताजं मांस नाही, भाजी नाही, म्हणून त्यांना स्कर्व्ही : हिरड्या सुजून काळ्या पडायच्या, जुन्या जखमा पुन्हा उघडायच्या. आपल्याकडे लिंबू आणि आवळा ज्या रोगाला उंबरठ्याबाहेर ठेवतात, तो हा रोग.

जव होते, पण दळायचे कशावर? जात्याच्या तळ्या विमानातून टाकल्या. पुढे धान्यही. वेढ्यात अडकलेल्या फौजेला विमानाने शिधा पोचवायचा हा जगातला अगदी पहिल्या प्रयत्नांपैकी एक. एप्रिलच्या दुसऱ्या पंधरवड्यात सोळा हजार पौंडांहून जास्त माल टाकला गेला. आकडा मोठा वाटतो. पण खाणारी तोंडं सुमारे १३,०००, गावचे रहिवासी वेगळे. म्हणजे पंधरा दिवसांत माणशी जेमतेम सव्वा पौंड. त्यातली काही पोती नदीत पडली, काही तुर्कांच्या खंदकात.

२९ एप्रिलला शरणागती. त्यानंतर वाळवंटातली पायपीट, रेल्वेच्या कामावरचे कैदी, आणि हजारो माणसं परतलीच नाहीत.

[दृश्य : बसरा स्मारकाची छायाचित्रं, मग पुणे जिल्ह्यातल्या एका गावातली दगडी पाटी.]

बसऱ्याच्या स्मारकावर अधिकाऱ्यांची नावं कोरली गेली. हिंदी शिपायांसाठी पलटणीचं नाव आणि त्याखाली आकडा. आपल्या गावांतल्या पाट्याही तशाच : या गावातून इतके महायुद्धावर गेले, त्यांपैकी इतके कामी आले.

[दृश्य : शिवाजीनगर, श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूल. अश्वारूढ पुतळा.]

१९ नोव्हेंबर १९२१ रोजी इंग्लंडचा युवराज पुण्यात आला आणि एकाच दिवशी दोन पाये घातले : महायुद्धात पडलेल्या मराठ्यांच्या स्मारकाचा, आणि भांबुर्ड्यात, म्हणजे आजच्या शिवाजीनगरात, शिवस्मारकाचा. यामागे कोल्हापूरच्या शाहू महाराजांचा मोठा हात. करमरकरांनी घडवलेला हा पुतळा १९२८ साली उघडला गेला. पुणेकर त्याच्यासमोरून रोज जातात. दुसऱ्या स्मारकाचा पत्ता विचारून बघा.

[दृश्य : एरिट्रिया, केरनच्या डोंगरांचं जुनं चित्रण.]

१९४१, केरन. आता पलटण ‘थर्ड फिफ्थ’. केरनकडे जाणारा रस्ता एका खिंडीतून वर चढतो. डाव्या हाताला सांचिल, उजव्या हाताला डोलोगोरोडॉकचा किल्ला, आणि दोन्हीकडे इटालियन. १५ मार्चला पलटणीने किल्ल्याच्या वाटेवरची ‘फ्लॅट टॉप’ टेकडी घेतली. दुसऱ्या दिवशी पहाटे किल्ला पडला आणि २७ तारखेला केरन. ‘बोल छत्रपती शिवाजी महाराज की जय’ ही युद्धघोषणा याच मोहिमेत दुमदुमली, असं रेजिमेंटमध्ये सांगतात. रेजिमेंटचा दिवस ४ फेब्रुवारी, म्हणजे तानाजीने कोंढाणा घेतला तो दिवस. पुण्याच्या कुठल्याही उंच गच्चीवरून तो गड दिसतो.

[दृश्य : माणगाव, यशवंत घाडगे यांचा पुतळा. मग इटलीतल्या वरच्या टायबर खोऱ्याचं चित्रण.]

१० जुलै १९४४. नाईक यशवंत घाडगे, वय २२, रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्याचे. त्यांचं सेक्शन चढत असताना अगदी जवळून मशीनगन सुरू झाली. सेक्शनमधले सगळे पडले, उरले एकटे नाईक. त्यांनी आधी हातबाँब फेकला. गन आणि ती चालवणारा दोन्ही निकामी. मग टॉमीगनने आणखी एकाला टिपलं. इथे मॅगझिन संपलं.

[दृश्य : टॉमीगन, जवळून. मॅगझिन काढण्याची खटकी.]

हे हत्यार नीट पाहा. रिकामं मॅगझिन काढायला खटकी दाबायची, मॅगझिन ओढायचं, थैलीतून दुसरं काढून खाचेत बसवायचं. सरावलेल्या हाताला याला काही सेकंद लागतात. समोरचे दोघे हातभर अंतरावर होते, तेवढे सेकंद नव्हतेच. घाडग्यांनी बंदूक नळीकडून धरली आणि दस्त्याने दोघांना लोळवलं. दूरच्या नेमबाजांच्या गोळ्या छातीत आणि पाठीत लागून ते त्याच मोर्च्यात पडले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. त्यांची कबर किंवा समाधी कुठेच नाही, नाव आहे ते कॅसिनोच्या स्मारकावर.

[दृश्य : छत्रीची घडी घालण्याचं टेबल. दोऱ्या, कापड.]

१९४६ साली पलटणीला छत्र्या मिळाल्या. तरी पुढची दोन युद्धं ती पायीच लढली. १९४८ मध्ये ब्रिगेडियर उस्मान यांच्या ५० पॅरा ब्रिगेडमधून जम्मू-काश्मीरमधलं नौशेरा आणि झांगर. १९६१ मध्ये गोवा. तिथे तिचा रस्ता उसगाव-फोंड्याचा, आणि पुढे उडवलेले पूल. गोव्यावर स्वतंत्र चित्रफीत करावी लागेल, इथे एवढंच.

खरी उडी ११ डिसेंबर १९७१ची.

[दृश्य : विमानाच्या पोटातलं सराव-चित्रण. वरची तार, आकडे.]

जमालपूर-मैमनसिंगहून ढाक्याकडे मागे हटणारी पाकिस्तानी ब्रिगेड वाटेत अडवायची, त्यासाठी टांगाईलजवळचा पुंगली पूल धरायचा. लेफ्टनंट कर्नल कुलवंतसिंग पन्नू यांची टू पॅरा, सोबत तोफा आणि इतर तुकड्या. पॅकेट, डाकोटा आणि अँतोनॉव मिळून पन्नासच्या आसपास विमानं.

उडी अशी चालते. प्रत्येकाच्या छत्रीला एक पट्टा असतो, त्याला स्टॅटिक लाइन म्हणतात. तिचा आकडा विमानातल्या वरच्या तारेत अडकवायचा. ‘हूक अप’चा हुकूम आला की आकडा लावायचा, ओढून बघायचा, आणि पुढच्याच्या पाठीवरची बांधणी तपासायची. आपली पाठ मागचा तपासतो. लाल दिवा, मग हिरवा. बाहेर पडलं की पट्टा ताणतो आणि छत्री आपोआप ओढली जाते. पट्टा हाताखालून गेलेला असेल तर झटक्याने दंड फाटतो. पट्टा अंगाला गुंडाळला गेला तर माणूस विमानामागे लटकतो.

दारात रेंगाळायचं नाही, याचंही गणित आहे. विमान ताशी २०० किलोमीटर वेगाने जात असेल तर सेकंदाला ५५ मीटर पुढे सरकतं. दोन माणसांत एक सेकंद गेला तर जमिनीवर ५५ मीटरचं अंतर. वीस जणांची रांग एक किलोमीटरभर पसरते. त्यात वारा. तीनशे मीटरवरून खाली यायला जवळपास मिनिट जातं, तेवढ्यात साधी झुळूकही दोन-अडीचशे मीटर बाजूला नेते. म्हणून उतरल्यावर पहिलं काम माणसं आणि सामान गोळा करणं. बंगालच्या सपाटीत तळी फार, काही सामान तळ्यांत पडलं. गावकऱ्यांनी ते ओढून काढलं, डोक्यावर वाहून आणलं.

[दृश्य : आकाश छत्र्यांनी भरलेलं ते प्रसिद्ध छायाचित्र.]

हे छायाचित्र जगभर छापून आलं. ते टांगाईलचं नाही, आधीच्या एका सरावाचं आहे. पण त्यातल्या छत्र्या बघून पाच हजार सैनिक उतरल्याच्या बातम्या झाल्या. खरे उतरले त्याच्या पाव हिश्शाहूनही कमी. ढाक्यात बसलेल्यांनी पाच हजारांवर विश्वास ठेवला, हे बरंच झालं.

त्याच रात्री पूल हातात आला. मागे हटणारा पाकिस्तानी काफिला अंधारात थेट पुलावर आला आणि तिथेच अडकला. दुसऱ्या दिवशी उत्तरेकडून जमालपूर जिंकून जी पलटण पुंगलीला येऊन मिळाली, ती होती पहिली मराठा, जंगी पलटण. म्हणजे जुनी १०३री. नगर ब्रिगेडची आणि बेळगाव ब्रिगेडची पलटण कूतमध्ये एकत्र अडकल्या होत्या, त्या या पुलावर पुन्हा भेटल्या. हे आमच्या माहितीत तरी कुठल्या बातमीपटात आलेलं नाही.

१६ डिसेंबरला सकाळी मीरपूर पुलावरून ढाक्यात शिरणारी पहिली भारतीय पलटण टू पॅरा.

[दृश्य : एका पदकाची कड, अगदी जवळून.]

पुढे तिला स्पेशल फोर्सेसचा दर्जा मिळाला आणि नावातला कंस गेला. घरात पहिल्या महायुद्धाचं पदक असेल तर त्याची कड उजेडात फिरवून पाहा. नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण तिथे ठोकलेली असते, इंग्रजीत. १०३ असेल तर आजची पहिली मराठा. १०५ म्हणजे दुसरी, काळी पाँचवी. ११६ म्हणजे चौथी, ११७ म्हणजे पाचवी. ११४ ही बेळगावच्या प्रशिक्षण केंद्राची. आणि ११० असेल, तर मराठा लाइट इन्फंट्रीच्या यादीत शोधू नका. पॅराशूट रेजिमेंटच्या यादीत बघा, क्रमांक दोन.