दहा वर्षांचा देश : टेक्सस, 1836 ते 1846

(पडद्यावर : मेक्सिकोचा जुना नकाशा. ईशान्येच्या कोपऱ्यात टेक्सस ठळक होत जातो.)

सप्टेंबर 1836. टेक्सस नावाच्या कोऱ्या करकरीत देशात पहिली निवडणूक आहे. स्वातंत्र्याच्या घोषणेला उणेपुरे सहा महिने झालेत. मतदारांनी राष्ट्राध्यक्ष निवडायचा, राज्यघटना मंजूर करायची आणि जोडीला आणखी एका प्रश्नावर मत द्यायचं : आपला देश अमेरिकेत विलीन करायचा का?

बाजूनं मतं पडली 3,277. विरोधात 91.

देश मोडायला देशवासी एवढे तयार, आणि तरी तो मोडायला साडेनऊ वर्षं लागली! हा उशीर का झाला, हे समजून घ्यायचं तर सुरुवात जमिनीच्या भावापासून करावी लागते.

1821 मध्ये मेक्सिको स्पेनच्या राज्यातून मोकळा झाला. टेक्सस हा त्याचा उत्तरेकडचा प्रांत, सरकारच्या लेखी जवळजवळ ओसाड. कोमांचे आणि इतर मूळ रहिवासी तिथे होतेच, पण वसाहतीचा हिशेब मांडताना त्यांना कोण मोजतो? तिथे माणसं वसवायचं कंत्राट स्टीफन ऑस्टिन या अमेरिकन तरुणाकडे आलं. पहिली तीनशे कुटुंबं त्यानं आणली. गुरं पाळणाऱ्या कुटुंबाला 4,428 एकर, शेतीसाठी आणखी 177 एकर, आणि तेही नाममात्र पैशांत. त्याच वेळी अमेरिकेत सरकारी जमीन एकरी सव्वा डॉलर होती आणि पैसे रोख मोजावे लागत. अट एवढीच की मेक्सिकोचं नागरिकत्व घ्यायचं आणि कॅथलिक व्हायचं. लोकांनी दोन्ही गोष्टी कबूल केल्या, पाळल्या मात्र सोयीसोयीनं.

येताना त्यांनी कापसाचं बियाणं आणलं आणि कापूस वेचायला गुलाम आणले.

(पडद्यावर : ब्राझोस नदीकाठची कापसाची शेतं.)

1829 च्या सप्टेंबरमध्ये मेक्सिकोचा अध्यक्ष व्हिसेंते गेरेरो यानं गुलामगिरी रद्द केली. तो स्वतः आफ्रिकी वंशाचा. टेक्ससमध्ये गदारोळ उठला आणि काही महिन्यांत त्या प्रांताला सूट मिळाली. कायद्याच्या कचाट्यातून सुटायला मळेवाल्यांनी त्याआधीच एक पळवाट काढून ठेवली होती : गुलामाकडून नव्व्याण्णव वर्षांच्या नोकरीचा करार लिहून घ्यायचा. कागदावर तो नोकर, शेतात गुलामच. 1830 मध्ये मेक्सिकोनं अमेरिकेतून येणाऱ्यांना बंदी घातली. तरी लोक येतच राहिले, परवान्याशिवाय, सीमा ओलांडून. हो, त्या काळी बेकायदा स्थलांतरित म्हणजे मेक्सिकोत घुसणारे अमेरिकन.

पण बंड केवळ गुलामगिरीपायी झालं असं म्हणणं अर्धवट ठरेल. 1835 मध्ये सांता आना या लष्करशहाच्या अमलाखाली 1824 ची संघराज्याची घटना गुंडाळली गेली आणि राज्यांचे अधिकार गेले. साकातेकास राज्यानं विरोध केला, तर त्यानं ते सैन्य घालून चिरडलं. त्यामुळे टेक्ससमध्ये स्पॅनिश बोलणारे जुने रहिवासी, म्हणजे तेहानो, हेही खवळले होते. 2 ऑक्टोबर 1835 ला गोन्झालेस गावात पहिली चकमक झाली, एका लहानशा तोफेवरून. तोफ सरकारनंच गावाला संरक्षणासाठी दिलेली. सैनिक ती परत मागायला आले, तेव्हा गावकऱ्यांनी तिचं चित्र काढलेला झेंडा फडकवला. त्यावर लिहिलं होतं : या, आणि घेऊन दाखवा.

2 मार्च 1836. ब्राझोस नदीकाठच्या वॉशिंग्टन या वस्तीत, बांधकाम अर्धवट राहिलेल्या एका घरात स्वातंत्र्याची घोषणा झाली. खिडक्यांना काचा नव्हत्या, थंडी अडवायला कापडं ताणली होती. घोषणापत्रावर 59 सह्या झाल्या. सह्या करणाऱ्यांत टेक्ससमध्येच जन्मलेले दोघेच, नवारो आणि रुईस, आणि दोघेही तेहानो. उपाध्यक्ष झालेला लोरेन्झो दे सावाला हा मेक्सिकोतल्या युकातानचा. त्याच दिवसांत त्याच छपराखाली राज्यघटनाही लिहिली गेली. तिच्यातलं एक कलम जरा थांबून ऐकावं. बाहेरून येणाऱ्याला आपले गुलाम आणायला संसद बंदी करू शकणार नाही. संसदेच्या संमतीशिवाय मालकाला गुलाम मुक्त करता येणार नाही, केला तर त्याला देशाबाहेर पाठवावं लागेल. आणि स्वतंत्र असलेल्या काळ्या माणसालाही संसदेच्या परवानगीशिवाय इथे कायमचं राहता येणार नाही. सांता आनाच्या हुकूमशाहीविरुद्ध उभ्या राहिलेल्यांचं हे कलम.

घोषणेनंतर चारच दिवसांनी सॅन अँटोनिओतला आलामो हा टेक्ससचा किल्ला मेक्सिकन सैन्यापुढे पडला. ती लढाई सिनेमांनी एवढी उगाळली आहे की इथे तिच्यावर फार वेळ घालवत नाही. 21 एप्रिलला सॅन हसिंटोच्या माळावर टेक्ससचा सेनापती, आणि पुढे पहिला अध्यक्ष झालेल्या सॅम ह्यूस्टनच्या सुमारे नऊशे माणसांनी दुपारच्या विश्रांतीत असलेल्या मेक्सिकन छावणीवर झडप घातली. लढाई 18 मिनिटांत संपली. कत्तल मात्र बराच वेळ चालली. मेक्सिकोचे सहाशेहून अधिक मेले, टेक्ससचे नऊ. दुसऱ्या दिवशी साध्या शिपायाच्या कपड्यांत लपलेला सांता आना सापडला.

त्या हल्ल्यात हुआन सेगीन आपल्या तेहानो तुकडीसह होता. आपलीच माणसं शत्रू समजून गोळी घालतील, म्हणून या शिपायांनी टोप्यांत पुठ्ठ्याचे तुकडे खोचले होते. पुढे सेगीन सॅन अँटोनिओचा महापौर झाला. पण 1842 मध्ये, गद्दारीचा संशय घेऊन, नव्यानं आलेल्या गोऱ्यांनी त्याला मेक्सिकोत पळून जायला भाग पाडलं. पुठ्ठ्याचा तुकडा कायम टोपीत ठेवायला हवा होता, असं त्याला वाटलं असेल का?

(पडद्यावर : अमेरिकेचा नकाशा. गुलामगिरी असलेली राज्यं एका रंगात, नसलेली दुसऱ्या.)

आता अमेरिका. तिथे 1837 मध्ये गुलामगिरीची राज्यं तेरा आणि मुक्त राज्यंही तेरा. टेक्सस आत घेतला की पारडं दक्षिणेकडे झुकणार, वर मेक्सिकोशी युद्धाची भीती. अध्यक्ष जॅक्सननं पद सोडताना जाता जाता टेक्ससला मान्यता दिली, पण पुढच्या व्हॅन ब्युरननं विलीनीकरणाला साफ नकार दिला. ज्या व्यवस्थेला टेक्ससनं घटनेत एवढं घट्ट बांधून घेतलं होतं, तिनंच त्याची वाट अडवली.

मग नाइलाजानं देश चालवायची वेळ आली. दुसरा अध्यक्ष मिराबो लामार याला विलीनीकरण नकोच होतं. त्याला पॅसिफिकपर्यंतच्या साम्राज्याची स्वप्नं पडत. त्यानं 1839 मध्ये चेरोकी या मूळ रहिवाशांना हुसकावून लावलं, ऑस्टिन इथे राजधानी वसवली आणि मनसोक्त नोटा छापल्या. तांबड्या पाठीच्या या नोटांचा भाव काही सेंटांपर्यंत घसरला. फ्रान्सकडून मोठं कर्ज मिळायची आशा होती. तेवढ्यात 1841 मध्ये फ्रान्सच्या राजदूताच्या घोड्यांचा मका एका खानावळवाल्याची डुकरं खाऊ लागली. राजदूताच्या नोकरानं डुकरं मारली, खानावळवाल्यानं नोकराला बदडलं, आणि सरकार शिक्षा करत नाही म्हणून राजदूत महाशय रुसून लुइझियानाला निघून गेले. कर्ज काही मिळालं नाही.

1842 मध्ये मेक्सिकन फौजांनी सॅन अँटोनिओ दोनदा घेतलं. तिजोरी रिकामी. पुन्हा अध्यक्ष झालेल्या ह्यूस्टननं मग डाव बदलला : ब्रिटनशी जवळीक दाखवायची आणि अमेरिकेला झोंबू द्यायचं.

ब्रिटनचा टेक्ससमधला प्रतिनिधी होता कॅप्टन चार्ल्स एलियट. 1839 मध्ये ब्रिटिश व्यापाऱ्यांना चिन्यांच्या स्वाधीन करावी लागलेली अफूची खोकी ज्याच्या हुकमानं गेली, तोच हा एलियट. त्यातली बरीचशी अफू माळव्यातली, मुंबईमार्गे गेलेली. ब्रिटनला टेक्सस वेगळा राहिलेला हवा होता, जमल्यास गुलामगिरीविना. एवढं कानावर आलं आणि अमेरिकेच्या दक्षिणेला घाम फुटला.

एप्रिल 1844 मध्ये अमेरिकेचा अध्यक्ष टायलर यानं विलीनीकरणाचा करार केला. पण परराष्ट्रमंत्री कॅल्हूननं ब्रिटिश राजदूताला पत्र लिहून त्यात गुलामगिरीचीच तरफदारी केली. पत्र फुटलं, आणि सिनेटनं करार 35 विरुद्ध 16 मतांनी फेटाळला. त्या वर्षीची निवडणूक विलीनीकरणवादी पोकनं जिंकली. टायलरनं मग युक्ती काढली : कराराला दोन तृतीयांश मतं लागतात, ठरावाला साधं बहुमत पुरतं. सिनेटमध्ये 27 विरुद्ध 25. मुदत संपायला तीन दिवस असताना, 1 मार्च 1845 ला, टायलरनं सही केली.

शेवटचा प्रयत्न म्हणून एलियट गुपचूप मेक्सिकोला गेला आणि देकार घेऊन आला : कुणातही विलीन होऊ नका, आम्ही तुम्हाला मान्यता देतो. जे नऊ वर्षं मागूनही मिळत नव्हतं, ते आता ताटात वाढून समोर आलं होतं. टेक्ससनं ते नाकारलं. 4 जुलैला भरलेल्या परिषदेत विलीनीकरणाविरुद्ध एकच मत पडलं. 29 डिसेंबर 1845 ला पोकनं सही केली, आणि 19 फेब्रुवारी 1846 ला शेवटचा अध्यक्ष अँसन जोन्स यानं ‘टेक्ससचं प्रजासत्ताक आता उरलं नाही’ असं जाहीर केलं.

देश असताना साचलेलं कर्ज मात्र टेक्ससच्याच गळ्यात राहिलं. 1850 मध्ये सांता फेपर्यंतच्या जमिनीवरचा हक्क सोडून त्यानं अमेरिकेकडून एक कोटी डॉलर घेतले. तोवर मेक्सिकोशी युद्ध होऊन गेलं होतं आणि मेक्सिकोचा अर्ध्याच्या आसपास मुलूख गेला होता. त्याच वर्षीच्या जनगणनेत टेक्ससमध्ये 58,161 गुलाम मोजले गेले. क्रांतीच्या वेळी ते पाच हजारांच्या आसपास होते. 1861 मध्ये टेक्सस पुन्हा फुटून निघाला, या वेळी अमेरिकेतून. गव्हर्नर असलेल्या ह्यूस्टननं नव्या निष्ठेची शपथ घ्यायला नकार दिला, तर त्याला खुर्चीवरून काढलं.

19 जून 1865 ला, यादवी युद्ध जिंकलेल्या अमेरिकेच्या सैन्याच्या जनरल ग्रेंजरनं गॅल्वेस्टन बंदरात आदेश काढला : सर्व गुलाम मुक्त आहेत. गेरेरोच्या हुकमाला तेव्हा पावणेछत्तीस वर्षं झाली होती.