तिन्हीसांजेची धुरी

[दृश्य : आषाढातली संध्याकाळ. कौलांवरून पागोळ्या गळतायत. पडवीत आजी निखाऱ्यांचं घमेलं घेऊन बसली आहे.]

निवेदन :
दिवेलागणीची वेळ. रत्नागिरी जिल्ह्यातल्या या घरात आजी निखाऱ्यांवर नारळाचं सोडण ठेवते, वर कडुलिंबाचा वाळका पाला टाकते. मग नातसुनेला हाक जाते, "मागचं दार लाव गो आधी!"

डास पळवायला धुरी घालायची ही रीत आजीच्या सासूपासूनची. डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू ब्रिटिश डॉक्टर रोनाल्ड रॉस यांना दिसला तो २० ऑगस्ट १८९७ रोजी, सिकंदराबादला. त्याआधी हिवताप वाईट हवेतून येतो असं जगभरचे शहाणे लोक मानत होते.

धुरीचा उपयोग होतो. धूर असेपर्यंत डास लांब राहतात; तो विरला की परत येतात. पण कोंडलेल्या खोलीत हाच धूर दम्याच्या माणसाला आणि तान्ह्या बाळाला डासापेक्षा जास्त त्रास देतो. आजी घमेलं पडवीत ठेवते, माजघरात नेत नाही. तिचं हे शहाणपण शिकण्यासारखं आहे.

[दृश्य : सकाळ. मागचं परसू. शाळेत निघालेली नात पोटरी खाजवते आहे.]

निवेदन :
पण धुरी संध्याकाळची, आणि ही गांध उठली आहे सकाळी. अंगावर पांढरे पट्टे असलेला, डेंग्यू पसरवणारा एडिस डास दिवसा चावतो, सकाळी आणि सूर्यास्ताआधी जास्त. चावते ती मादीच. अंडी घालण्यासाठी तिला रक्त लागतं. सोंड खुपसताना ती आपली लाळ आत सोडते, रक्त गोठू नये म्हणून. त्या लाळेशी आपलं शरीर झगडतं आणि खाज सुटते.

ही मादी बहुधा इथेच, या परसात जन्मलेली. एडिस फार लांब उडत नाही.

[दृश्य : कॅमेरा जमिनीलगत. पोफळीच्या गळून पडलेल्या विरीत, म्हणजे पानाच्या बुडाकडच्या रुंद आवरणात, साचलेलं पाणी. त्यात वळवळणाऱ्या अळ्या.]

निवेदन :
थोडं थांबून बघा. अळी पाण्यात उलटी लटकते आणि शेपटाकडची नळी वर काढून श्वास घेते. अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस. त्यासाठी तळं लागत नाही. नारळाची करवंटी पुरते, फोडून टाकलेलं शहाळं पुरतं, कुंडीखालची ताटली, जुना टायर, फ्रीजमागचा ट्रेसुद्धा. म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायचा, साचलेलं सगळं पाणी ओतून टाकायचं.

नुसतं पाणी ओतून भागत नाही. एडिसची अंडी भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने तग धरतात. पुढचा पाऊस आला की त्यातून अळ्या. तेव्हा पिंप, हौद, रांजण काथ्याने कडा घासघासून धुवायचे. जो हौद उपसता येत नाही, त्यात गप्पी मासे सोडायचे. अळ्या हे त्यांचं आवडीचं खाणं. आमच्या मते घरगुती उपायांत सगळ्यात गुणकारी हा कोरडा दिवसच, आणि नेमका तोच कंटाळवाणा म्हणून मागे पडतो.

[दृश्य : गवती चहाचं बेट. हातावर तेल चोळणारी नातसून.]

निवेदन :
दारात गवती चहा लावला की डास येत नाहीत, असं अनेक जण सांगतात. नुसत्या उभ्या बेटाने काही होत नाही. पात चुरडली तरच वास सुटतो, आणि तोही लवकर उडून जातो. खोबरेल तेलात थोडं कडुलिंबाचं तेल मिसळून अंगाला लावलं तर काही वेळ आधार मिळतो, पण ते पुन्हा पुन्हा लावावं लागतं. लिंबाच्या वासाच्या निलगिरीपासून केलेलं औषध जास्त टिकतं. ते दुकानातल्या साध्या निलगिरी तेलाहून वेगळं, आणि तीन वर्षांखालच्या मुलांना लावायचं नाही.

बाळासाठी मच्छरदाणीच, दिवसाच्या झोपेलासुद्धा. आणि पंखा. डास अशक्त उडणारा. वाऱ्याच्या झोतात त्याला अंगावर टेकता येत नाही.

[दृश्य : आजी नातीची पोटरी धुते आहे.]

निवेदन :
चावलेली जागा आधी साबण-पाण्याने धुवायची. मग फडक्यात बांधलेला बर्फ दहा मिनिटं. खाज तरीही राहिली तर चमचाभर खाण्याचा सोडा थेंबभर पाण्यात कालवून लेप द्यायचा आणि दहा मिनिटांनी धुवून टाकायचा. कोरफडीचा गरही थंडावा देतो. पान कापल्यावर निथळणारा पिवळा चीक मात्र जाऊ द्यावा. लसूण, चुना लावू नका, कातडी भाजते. लिंबाचा रस लावून उन्हात गेलं तर फोड येतात. मुलांची नखं कापलेली ठेवा, कारण खाजवून झालेली जखम चिघळते.

हे सगळे उपाय खाजेचे. तापाचे नाहीत. ताप चढला, डोळ्यांमागे दुखू लागलं, अंग मोडून आलं, तर पपईच्या पानांच्या रसावर विसंबून घरी बसू नका. रक्त तपासून घ्या. डॉक्टरांना विचारल्याशिवाय अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घेऊ नका, डेंग्यूत रक्तस्राव वाढू शकतो. ताप उतरल्यावर पोटात जोरात दुखलं, उलट्या थांबेनात किंवा हिरड्यांतून रक्त आलं, तर लगेच दवाखाना गाठा.

[दृश्य : शनिवार सकाळ. नात परसात फिरून करवंट्या पालथ्या घालते आहे. आजी पायरीवर बसून पाहते.]

आजी : "ती विरी राहिली बघ, पोफळीखालची."