पारसिकचा दगड पुन्हा वितळवताना

(ठाण्यातल्या एका वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, टेबलावरचा हा दगड मी आज सकाळी पारसिकच्या डोंगराच्या पायथ्याशी उचलला. १९१६ साली सुरू झालेला रेल्वेचा बोगदा ह्याच काळ्या कातळातून गेलाय. आपल्या घरांच्या स्लॅबमध्ये, रुळांखाली जी खडी आहे, तीही ह्याच जातीची. हा बेसॉल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तो पातळ शिलारस होता. वितळताना त्याला कुणी पाहिलेलं नाही. मग तो कसा घडला हे कळणार कसं? एक वाट अशी की त्याला पुन्हा वितळवायचं.

ही वाट एडिंबरोच्या जेम्स हॉलनं पाडली. त्याचे वडीलधारे मित्र जेम्स हटन हे भूशास्त्राचे आद्य पुरुष. पण मुशीत जाळ करून पृथ्वीच्या पोटातल्या घडामोडी समजतील, हे त्यांना पटत नव्हतं. त्यांचा मान राखून हॉल थांबला. १७९७ मध्ये हटन गेले आणि पुढच्याच वर्षी हॉलनं आपले प्रयोग मांडले. लोखंडाच्या ओतशाळेतल्या भट्टीत त्यानं तिथलाच बेसॉल्ट वितळवला. झटकन थंड केला तर काळी काच झाली. तीच काच पुन्हा वितळवून सावकाश निवू दिली, तर पुन्हा दगड झाला!

हे तुमच्या स्वयंपाकघरातही घडतं. साखरेचा पाक ताटावर ओतून भरभर निवू दिला की चिक्कीसारखी कडक काच होते. तोच पाक दोरा सोडून दिवसेंदिवस ठेवला की खडीसाखर होते. द्रव्य एकच, फरक वेळेचा. माझं सगळं आयुष्य ह्या एका वाक्याभोवती गेलं.

आजची भट्टी उभ्या नळीची असते. दगडाची पूड थोडी ओली करून प्लॅटिनमच्या तारेच्या बारीक कडीवर लावायची आणि कडी नळीत सोडायची. साधारण १२०० अंश सेल्सिअसला पूड वितळते आणि तो थेंब पृष्ठताणामुळे कडीला चिकटून राहतो. नळीतून कार्बन मोनॉक्साइड आणि कार्बन डायॉक्साइड मोजून सोडतात, म्हणजे ऑक्सिजन हवा तेवढाच राहतो. मग हव्या त्या तापमानाला थेंब तासन् तास, कधी दिवसेंदिवस ठेवायचा. शेवटी कडी जिला टांगलेली असते त्या बारीक तारेतून वीज सोडली की ती तार वितळते आणि थेंब खालच्या पाण्यात पडतो. त्या तापमानाला जे स्फटिक झाले होते ते तसेच राहतात आणि उरलेल्या रसाची काच होते. ह्या क्षणी मी अजूनही श्वास रोखून धरतो.

विद्यार्थी असताना माझे तीन आठवडे वाया गेले होते. आकडे जुळेनात. थेंबातलं लोखंड हळूहळू प्लॅटिनमच्या तारेत मुरत होतं. मी एका दगडाचा अभ्यास करतोय असं समजत होतो आणि थेंब दुसराच झाला होता. त्यावर उपाय म्हणजे तारेला आधीच लोखंड पाजून ठेवायचं.

जमिनीखाली खोलवर असतो तसा दाब हवा असेल तर वेगळं यंत्र लागतं: जाड पोलादी कड्यात बसवलेला दट्ट्या. सुमारे ३५ किलोमीटर खोलीवर वातावरणाच्या दहा हजार पट दाब असतो; तो काही मिलिमीटरच्या कुपीवर आणायचा. पाण्यासह प्रयोग असेल तर सोन्याची कुपी झाळून बंद करतात. आधी आणि नंतर वजन करायचं. घटलं तर कुपी गळली, प्रयोग बाद.

पण काय मिळालं ह्यापेक्षा ते खरं कशावरून, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. वॉशिंग्टनच्या भूभौतिकी प्रयोगशाळेत नॉर्मन बोवेन ह्यांनी १९१३ मध्ये फेल्डस्पार हे खडकातलं खनिज कसं वितळतं ते दाखवलं. अशा कामात एकाच मुक्कामाला दोन वाटांनी पोचावं लागतं. एकदा वरून, पूर्ण वितळलेला रस निववत. एकदा खालून, स्फटिक तापवत. दोन्हीकडून तेच उत्तर आलं तरच दगड स्थिरावला म्हणायचं. एकाच बाजूनं गेलात तर दगड अजून वाटेतच असू शकतो.

आता ह्या दगडाकडे वळू. भिंगातून पाहा, बारीक चकाकणाऱ्या कांड्या दिसतील, त्या फेल्डस्पारच्या. दख्खनच्या बहुतेक बेसॉल्टमध्ये मॅग्नेशियमचं ऑक्साइड साधारण ५ ते ७ टक्के असतं. प्रावरणाचा, म्हणजे पृथ्वीच्या कवचाखालच्या थराचा, खडक प्रयोगात अंशतः वितळवला तर सुटणाऱ्या रसात ते सहसा १० टक्क्यांच्या वर निघतं. म्हणजे आपल्या पायाखालचा कातळ प्रावरणातून थेट वर आलेला नाही. वाटेत तो कुठेतरी थांबला, निवत गेला आणि ऑलिव्हिनसारखे मॅग्नेशियमने भरलेले स्फटिक खाली सोडून मग वर आला. ते स्फटिक अजून खाली कवचातच आहेत.

शेजारच्या डबीत भट्टीतून काढलेला एक काळा थेंब ठेवलाय. दगड आणि थेंब, दोन्ही भिंगाखाली पाहून घ्या. मी इथेच आहे, प्रश्न विचारा.