बाळंतिणीच्या मावशी

[पडद्यावर : गॅसवर छोटी कढई. तिळाच्या तेलात ठेचलेला लसूण आणि चिमूटभर ओवा.]

लसणीचा रंग बदलला की गॅस बंद करायचा. लसूण करपला तर तेलाला उग्र वास येतो आणि बाळंतीण नाक मुरडते, हे मावशींना पक्कं ठाऊक. घरात आल्या की त्या बांगड्या वर सारतात, कोपरापर्यंत हात धुतात आणि तेलाचा थेंब स्वतःच्या मनगटावर टाकून बघतात. तो सोसला, की चटईवर आडव्या झालेल्या मुलीला विचारतात, "काय गं, रात्री झोपू दिलं का त्याने?"

महाराष्ट्रात बाळंतीण घरी आली, की सव्वा महिना या बाईची वाट पाहिली जाते. कुणी त्यांना मालिशवाल्या मावशी म्हणतं, कुणी बाळाला न्हाऊ घालणारी बाई. तेल, शेक, धुरी आणि पोट बांधणं ही सगळी त्यांची कामं. ही रीत फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेत बाळंतिणीला बलातेलाचं, म्हणजे बला या वनस्पतीच्या औषधी तेलाचं, अभ्यंग सांगितलं आहे. चरकसंहितेत तिचं पोट मोठ्या वस्त्राने गुंडाळायला सांगितलं आहे, पोटात वायूला जागा राहू नये म्हणून. आजी आजही तेच कारण सांगते.

[पडद्यावर : मावशींचे हात. तळपाय, घोटा, पोटरी.]

बघा, सुरुवात तळपायापासून आहे. अंगठा टाचेकडून बोटांकडे जातो, मग सगळा पंजा पोटरीवरून वर. "कूस वळ गं." मुलगी वळते. कंबरेच्या दोन्ही बाजूंना अंगठे टेकवून मावशी सावकाश गोल फिरवतात आणि मुलीच्या तोंडून "हां, तिथेच" असं निघतं. नऊ महिने पुढे ओढलेलं वजन या कंबरेने पेललेलं असतं. सांध्यांचे बंध सैल पडलेले असतात, पोटाचे स्नायू मधोमध फाकलेले असतात. त्यात दिवसरात्र वाकून पाजताना मान आणि खांदे आखडतात. गर्भाशय साधारण दोन आठवड्यांत ओटीपोटात उतरतं, पण पूर्ववत व्हायला सहा आठवडे घेतं. मालिशने ते लवकर आत जातं, असं छातीठोकपणे सांगता येणार नाही. दुखरे स्नायू सैलावतात, अंग हलकं होतं, तासभर गाढ झोप लागते, हे मात्र कुठल्याही बाळंतिणीला विचारा. आणि त्या दिवसांत तासभर झोप ही फार मोठी गोष्ट आहे.

गरोदरपणातलं मालिश मात्र वेगळ्या हाताने करायचं. पाचव्या महिन्यानंतर बाईला उताणं झोपवू नये. गर्भाशयाच्या भाराखाली मोठी शीर दबते आणि भोवळ येते. डाव्या कुशीवर, गुडघ्यांमध्ये उशी ठेवून पाठ आणि पाय हलकेच चोळावेत. पोटावर दाब नको. आडवं बसलेलं बाळ मालिशने सरळ करते, असं कुणी म्हणालं तर तिला तिथेच थांबवा. आणि अचानक चेहरा सुजला, डोकं ठणकलं, डोळ्यांपुढे अंधुक झालं, तर तेलाची वाटी बाजूला ठेवून आधी रक्तदाब मोजायचा.

[पडद्यावर : सिझेरियन झालेली आई, पाठीला उशी लावून बसलेली.]

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात चारातलं एक बाळंतपण सिझेरियनने होतं. पूर्वीच्या मावशींपुढे टाक्यांचं पोट नव्हतं. आताच्यांना ते रोज भेटतं. डॉक्टरांनी हो म्हटलं की हातपाय, खांदे, पाठ यांना तेल चालतं. जखमेला तेल लावायचं नाही आणि निदान सहा आठवडे पोट चोळायचं नाही. पट्टाही श्वास अडेल इतका आवळायचा नाही. बाजेखालच्या शेगडीबद्दल तर स्पष्टच बोलायला हवं. दारं-खिडक्या लावून निखारे पेटवले की खोलीत कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नसतो, आणि आई नि बाळ दोघंही त्याच हवेत असतात. गरम पाण्याच्या पिशवीने शेक छान मिळतो. बाळाचंही थोडक्यात सांगते : नाकाकानात तेल नको, छाती पिळणं नको, डोळ्यांत काजळ नको.

आता जे मला खरं सांगायचं आहे, ते.

दवाखान्यातून बाळंतीण दोन-चार दिवसांत घरी येते आणि पुढची तपासणी बहुतेक वेळा सहा आठवड्यांनी असते. मधल्या काळात भेटायला येणारा जो तो बाळाला बघतो. नाक कुणावर गेलं, रंग कुणाचा. आईचं अंग रोज नखशिखांत बघणारी या मावशींखेरीज दुसरी कुणी नसते. एकच पोटरी लालसर, गरम, सुजलेली लागली, तर ते आधी त्यांच्या हाताला कळतं. बाळंतपणानंतर शिरेत रक्ताची गुठळी व्हायचा धोका जास्त असतो, म्हणून तिथे चोळायचं नाही, गाडी बोलवायची. अंगावरून एकाएकी जास्त जाऊ लागलं, घाण वास आला, ताप चढला, स्तनात दगडासारखी गाठ आली, तरी मुलगी आईपाशी बोलायला लाजते. मावशींपाशी बोलते.

आणि रडणं. पहिले काही दिवस पुष्कळ जणींना उगाच भरून येतं आणि ते आपोआप ओसरतं. पण दोन आठवडे उलटले तरी ती भिंतीकडे तोंड करून पडते, बाळ झोपलं तरी तिला झोप नाही, बाळाला घ्यावंसंही वाटत नाही, तर तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. "नाटकं करते" हे घरातलं कुणीतरी म्हणण्याआधी डॉक्टरांचं नाव मावशींनी काढलं, तर एक आई वाचू शकते. मी हे जबाबदारीने म्हणते आहे.

[पडद्यावर : गडचिरोलीतली गावं, जंगलाचा रस्ता.]

गावातल्या बाईला शिकवलं तर काय घडतं, ते महाराष्ट्राने पाहिलं आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने 1990 च्या दशकात गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवलं. त्या गावांत नवजात बालमृत्यू सुमारे 62 टक्क्यांनी घटले. तीच वाट पुढे देशभर घेतली गेली. 2011 पासून आशाताई बाळंतपणानंतर 42 दिवसांत किमान सहा वेळा घरी येतात. आशाताई सहा वेळा येतात, मावशी रोज. मग पोटरीची सूज, जास्तीचा रक्तस्राव, ताप, ती उदासी एवढं ओळखायला मावशींना का शिकवू नये? प्रसूतिगृहाने दोन दुपारी दिल्या तरी एवढं शिकवून होईल.

[पडद्यावर : मावशी पाय पसरून बसल्या आहेत, नडग्यांवर बाळ. आई दारातून बघते आहे.]

शहरात अलीकडे फक्त बाळाची अंघोळ ठरते. पैसे वाचवायचे म्हणून आईचं मालिश आधी गळतं, आणि बहुतेकदा ते तीच नको म्हणते. तिचं ऐकू नका. मावशींशी बोलताना दोघांचं ठरवा आणि त्यांच्या आजारपणाच्या दिवसाचे पैसे कापू नका. या बायका सकाळपासून तीन-चार घरं करतात, जमिनीवर उकिडव्या बसून, आणि त्यांच्या स्वतःच्या कंबरेला तेल लावायला कुणी नसतं. महाराष्ट्रात 2008 साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. तुमच्या घरी येणाऱ्या मावशींची त्यात नोंदणी आहे का, हे उद्या त्यांना विचारा. नसेल तर अर्ज भरायला त्यांच्यासोबत जा.