पाचवं पर्व, पहिला नंबर

नमस्कार श्रोतेहो.

दहावीचा शेवटचा पेपर झाला त्याच संध्याकाळी माझी भाची कपड्यांची पिशवी घेऊन माझ्याकडे राहायला आली. आल्या आल्या म्हणाली, "मावशी, ते तुझं स्टार ट्रेक आता पहिल्यापासून बघू या." मी कधीची याच वाक्याची वाट बघत होते. जेवणं उरकली, ओटा आवरला की रोज रात्री दोन भाग, असं ठरलं. अकरावीच्या प्रवेशाची धावपळ सुरू होईपर्यंत आमचे सगळे 178 भाग बघून झाले होते.

मालिकेचं पूर्ण नाव 'स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन'. 1987च्या सप्टेंबरमध्ये ती अमेरिकेत सुरू झाली आणि 1994च्या मे महिन्यात संपली. एकूण सात पर्वं. चोविसाव्या शतकातलं एंटरप्राइझ नावाचं अवकाशयान, त्याचा कॅप्टन पिकार्ड, त्याच्या हाताखालचा रायकर, क्लिंगॉन वंशाचा वर्फ, आणि डेटा नावाचा माणसासारखा दिसणारा यंत्रमानव. ही मंडळी अनोळखी ग्रहांवर जातात आणि तिथल्या लोकांशी बोलायचा प्रयत्न करतात. मला ही मालिका आवडते ती या बोलण्यासाठी. नव्वदच्या दशकात सदाशिव पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत, केबलवर, मिळेल तो भाग मिळेल तेव्हा बघितला होता. सलग बघायचा योग आला तो आत्ता.

सगळं बघून झाल्यावर आम्ही दोघींनी आपापल्या वहीत सातही पर्वांना क्रमांक दिले. माझी कसोटी एकच होती. भाग संपल्यावर आम्ही किती वेळ जागच्या उठलो नाही?

सातव्या क्रमांकावर दोघींचं एकमत झालं. पहिलं पर्व. पात्रांना अजून आपला सूर सापडलेला नाही, आणि काही भाग तर आज बघवत नाहीत. पण ते चुकवू मात्र नका. अगदी पहिल्याच भागात क्यू नावाचा एक सर्वशक्तिमान प्राणी सगळ्या मानवजातीवर खटला भरतो, आणि त्या खटल्याची पुढची तारीख लागते ती थेट सात वर्षांनी, मालिकेच्या शेवटच्या भागात.

सातवं पर्व मी सहावं लावलं. लिहिणारे दमले होते हे जाणवतं. मात्र 'लोअर डेक्स' हा भाग मला फार प्रिय आहे. यानावरच्या अगदी कनिष्ठ अधिकाऱ्यांच्या नजरेतून सगळी गोष्ट दिसते. साहेब लोक बंद दाराआड काय ठरवतात हे त्यांना कुणी सांगत नाही, आणि त्यांच्यातलीच एक मुलगी कामगिरीवरून परत येत नाही. आणि तो शेवटचा भाग! वर्षानुवर्षं यानावरची मंडळी पत्ते खेळायला बसतात आणि कॅप्टन कधी त्यांच्यात येत नाही. शेवटच्या प्रसंगात तो दारात उभा राहतो, खुर्ची ओढून बसतो आणि पत्ते वाटायला घेतो. त्या रात्री आम्ही टीव्ही बंद केला, दिवा मात्र बराच वेळ लावला नाही.

दुसरं पर्व पाचव्या क्रमांकावर. भाची म्हणते, मी त्याला झुकतं माप दिलं. दिलंच आहे. 1988 साली अमेरिकेत पटकथालेखकांचा मोठा संप झाला, मार्चपासून ऑगस्टपर्यंत. त्यामुळे या पर्वाचे 26 ऐवजी 22 भागच झाले, आणि शेवटचा भाग तर जुन्या भागांचे तुकडे जोडून उरकलेला आहे. पण याच पर्वात 'द मेझर ऑफ अ मॅन' आहे. तो लिहिला मेलिंडा स्नॉडग्रास यांनी, ज्यांनी स्वतः वकिली केली होती. एका शास्त्रज्ञाला डेटाचे भाग सुटे करून अभ्यास करायचा आहे आणि डेटा नकार देतो. प्रश्न असा पडतो की मुळात त्याला नकार द्यायचा अधिकार आहे का? तो व्यक्ती आहे की सरकारी मालमत्ता? सुनावणी होते आणि डेटाच्या विरुद्ध बाजू मांडायचं काम येतं त्याच्याच मित्राकडे, रायकरकडे. रायकर भर सुनावणीत डेटाच्या मागे जातो, पाठीवरचं बटण दाबतो आणि डेटा समोरच्या टेबलावर कोसळतो. रायकरचा युक्तिवाद बिनतोड वाटतो आणि त्याच क्षणी त्याचा चेहरा उतरतो. आपलं काम चोख केल्याचं इतकं दुःख मी दुसऱ्या कुठल्या चेहऱ्यावर पाहिलेलं नाही.

याच पर्वात नव्या आलेल्या डॉक्टर पुलास्की डेटाला 'डाटा' म्हणतात. तो त्यांचा उच्चार सुधारतो. त्या म्हणतात, काय फरक पडतो? तो शांतपणे सांगतो की एक माझं नाव आहे, दुसरं नाही. मी पुण्यात नोकरीसाठी आलेल्या अमराठी मंडळींना मराठी शिकवते. नव्या वर्गात पहिल्या दिवशी प्रत्येकाचं नाव त्याच्याकडून दोनदा म्हणवून घ्यायची सवय मला या प्रसंगाने लागली.

सहावं पर्व चौथं. यातल्या 'चेन ऑफ कमांड' या जोडभागात पिकार्ड शत्रूच्या हाती सापडतो. छळ करणारा त्याला पुन्हा पुन्हा विचारतो, समोर दिवे किती? दिवे चार असतात, त्याला पाच म्हणवून घ्यायचे असतात. पिकार्ड साकारणाऱ्या पॅट्रिक स्ट्यूअर्ट यांनी या प्रसंगांसाठी ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने पाठवलेल्या चित्रफिती पाहिल्या होत्या. पिकार्ड शेवटपर्यंत चारच म्हणतो. सुटून आल्यावर मात्र एकांतात कबूल करतो की शेवटी शेवटी मला खरोखरच पाच दिसायला लागले होते. भाची हे ऐकून माझ्या जवळ सरकून बसली.

याच पर्वाच्या अखेरीस डेटा न्यूटन आणि आइनस्टाइन यांच्याबरोबर पत्ते खेळतो, आणि चौथ्या खुर्चीवर असतात खुद्द स्टीफन हॉकिंग. आपल्या पुण्यात, आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत, तिथल्या कुंडापाशी न्यूटन आणि आइनस्टाइन यांचे पुतळे आहेत, गॅलिलिओ आणि आर्यभट यांच्या सोबतीने. भाचीला मी तिथे घेऊन गेले. ती म्हणाली, "मावशी, यांच्या डावात आर्यभटालाही घ्यायला हवं होतं." मला ते अगदी पटलं.

चौथं पर्व तिसरं, आणि ते मुख्यतः 'फॅमिली' या एका भागामुळे. बोर्ग नावाच्या शत्रूने पिकार्डला पळवून अर्धा यंत्र केलेलं असतं, त्याच्या तोंडून त्याच्याच माणसांना धमकावलेलं असतं. तो वाचतो. दुसरी कुठलीही मालिका पुढच्या आठवड्यात नव्या साहसाला लागली असती. इथे तो फ्रान्समधल्या आपल्या गावी जातो, थोरल्या भावाकडे. भावाचे द्राक्षांचे मळे आहेत. दोघांचं कधीच पटलेलं नाही. बोलता बोलता हातघाईवर येतात, चिखलात लोळतात, आणि त्या चिखलातच हा एवढा मोठा कॅप्टन लहान मुलासारखा रडतो.

दुसरा क्रमांक तिसऱ्या पर्वाला. मायकेल पिलर यांनी लेखनाची सूत्रं हाती घेतली आणि मालिकेचा कायापालट झाला. बोर्ग पिकार्डला पळवतात ते याच पर्वाच्या शेवटी, 1990च्या जूनमध्ये, आणि रायकर आपल्याच कॅप्टनवर मारा करायचा हुकूम देतो तिथे पर्व संपतं. त्या काळच्या प्रेक्षकांनी सप्टेंबरपर्यंत कशी कळ काढली असेल! पण भाचीचं हे पर्व पहिलं आहे ते 'द ऑफस्प्रिंग'साठी. डेटा स्वतःसारखीच एक मुलगी घडवतो आणि तिचं नाव ठेवतो 'लाल'. हिंदी शब्द आहे, लाडकी या अर्थाचा, असं तो सांगतो. आपल्या कानाला लाल म्हटलं की आधी रंग आठवतो, मग नंदलाल आठवतो, आणि एकदम उलगडतं. लाल बोलायला शिकते, चुकते, शाळेतली मुलं तिला हसतात. मग वरिष्ठ तिला बापापासून तोडून न्यायला येतात. त्या भीतीने तिला पहिल्यांदा भावना होते आणि तीच भावना तिच्या मेंदूला पेलत नाही. मरताना ती बापाला सांगते की माझं तुझ्यावर प्रेम आहे. डेटाला प्रेम वाटूच शकत नाही, आणि तो तिच्याशी खोटंही बोलत नाही. मग तीच म्हणते, आपल्या दोघांच्या वाटचं प्रेम मीच अनुभवते. भाची उठून गॅलरीत गेली आणि बराच वेळ आत आली नाही.

तरीही माझा पहिला क्रमांक पाचव्या पर्वाला. 1991-92. मालिकेचे जनक जीन रॉडेनबेरी हे पर्व चालू असतानाच गेले. यात 'द इनर लाइट' आहे, ज्याला विज्ञानकथांसाठीचा मानाचा ह्यूगो पुरस्कार मिळाला. कधीच नष्ट झालेल्या एका ग्रहाच्या आठवणी पिकार्डच्या मनात उतरतात. यानावर अर्धा तासही उलटत नाही, आणि तेवढ्यात तो तिथे अख्खं आयुष्य जगतो. संसार करतो, म्हातारा होतो, नातवंडं खेळवतो, बासरी शिकतो. जागा होतो तेव्हा हातात उरते ती बासरी. तो ती वाजवतो आणि त्याला ती येते.

आणि यात 'डारमॉक' आहे. टमेरियन नावाच्या लोकांचा शब्द न् शब्द भाषांतरयंत्राला कळतो, पण अर्थ कुणालाच लागत नाही. कारण ते फक्त आपल्या कथांमधूनच बोलतात. अपयश आलं की म्हणतात, 'शाका, भिंती कोसळल्या तेव्हा'. शाका कोण, भिंती कुठल्या, हे बाहेरच्याला कसं कळावं?

माझ्या वर्गात कोलकात्याहून आलेला एक तरुण आहे, हिंजवडीत नोकरी करतो. एकदा त्याने विचारलं, "मॅडम, ऑफिसमध्ये सगळे म्हणत होते, आपल्या प्रोजेक्टचं पानिपत झालं. पानिपत तर हरियाणात आहे ना?" 1761च्या संक्रांतीचं ते युद्ध मी त्याला सांगितलं. मग 'ध' चा 'मा' सांगितला, 'धरावे'चं 'मारावे' झाल्याची आख्यायिका आणि नारायणराव पेशव्यांचा 1773 साली शनिवारवाड्यात झालेला खून. सांगता सांगता माझ्याच लक्षात आलं की आपण मराठी माणसंही टमेरियनच आहोत. शब्दकोशात पानिपत सापडेल, पण त्यातला हुंदका सापडायचा नाही.

डारमॉकमध्ये टमेरियन कॅप्टन मुद्दाम पिकार्डला घेऊन एका ओसाड ग्रहावर उतरतो. तिथल्या हिंस्र प्राण्याशी दोघांनी मिळून लढावं आणि त्यातून एकमेकांची भाषा कळावी, एवढ्यासाठी तो जीव पणाला लावतो. जखमी होऊन शेकोटीपाशी पडलेल्या त्या माणसाला पिकार्ड आपल्या पृथ्वीवरची गोष्ट सांगतो, प्राचीन मेसोपोटेमियाच्या महाकाव्यातल्या गिल्गमेश राजाची. त्याला शब्द कळत नाहीत, पण तो ऐकत राहतो.

हा भाग मी माझ्या वर्गाला बघायला सांगितला. पुढच्या आठवड्यात उजळणी घेताना एकाने महिनाभर शिकवलेलंच पुन्हा विचारलं, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "रात्रभर वाचलं रामायण, सकाळी म्हणे रामाची सीता कोण?" बाकीचे माझ्याकडे बघत राहिले. कोलकात्याचा तरुण मात्र मी अर्थ सांगायच्या आधीच खो खो हसला. म्हणाला, "मॅडम, आमच्याकडे सातही कांडं वाचून माणूस म्हणतो, सीता रामाची मावशी!"

घरी आल्यावर मी वहीतलं डारमॉकचं पान काढलं आणि खाली हे वाक्य उतरवून ठेवलं. भाचीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "छान आहे मावशी, पण लाल ती लाल." तिच्या वहीत अजून तिसरंच पर्व पहिलं आहे.

नमस्कार.