डब्यातली जुनी स्ट्रिप

तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी औषधांचा एक डबा असणारच, श्रीखंडाचा नाहीतर मिठाईचा रिकामा झालेला. मला आज त्या डब्याबद्दलच बोलायचंय. इंदूरच्या राजवाड्याच्या मागे मी २९ वर्षं मेडिकल चालवलं, आणि मला सगळ्यात जास्त भीती त्या डब्याचीच वाटते.

माझ्या सासऱ्यांना हार्ट फेल्युअर होतं. नाव ऐकूनच घरातले सगळे हादरले, पण हार्ट फेल्युअर म्हणजे हार्ट बंद पडलं असं नाही हो, पंप कमजोर झालेला असतो, रक्त पुढे ढकलायला कमी पडतो, मग पायावर सूज, आडवं झालं की दम. त्यांना रामिप्रिल नावाची हार्टची गोळी चालू होती. डॉक्टरांनी ती बंद करून सॅक्युबिट्रिल-वाल्सार्टन ही दोन औषधांची एकच गोळी सुरू केली, सकाळ-संध्याकाळ एकेक. गोळी चांगली आहे, २०१४ साली आठ हजारांवर पेशंटांमध्ये एनालाप्रिलशी तुलना करून बघितली, तर हार्टमुळे मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरसाठी अ‍ॅडमिट व्हायची वेळ येणं साधारण २० टक्क्यांनी कमी झालं.

पण डब्यात रामिप्रिलची अर्धी स्ट्रिप उरली होती, आणि बाबांना काही वाया घालवलेलं खपायचं नाही, ते नवीबरोबर तीही घेत राहिले. चिठ्ठीवर 'बंद' लिहिलेलं होतं, ते कोणी वाचलंच नाही, मीसुद्धा नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांचे ओठ सुजले, जीभ जड झाली, बोलता येईना. रिक्षात घालून तसंच हॉस्पिटलला नेलं. वाचले. पण अशी सूज एकदा आली की ती गोळी परत देत नाहीत, म्हणजे एवढं चांगलं औषध अर्ध्या स्ट्रिपपायी हातचं गेलं. मला अजून त्याचं वाईट वाटतं.

असं का होतं, तर शरीरात ब्रॅडिकायनिन नावाचं एक द्रव्य असतं. रामिप्रिल त्याचं विघटन एका वाटेनं अडवते, सॅक्युबिट्रिल दुसऱ्या वाटेनं, दोन्ही वाटा बंद झाल्या की ते साठतं आणि ओठ, जीभ, घसा सुजतो. म्हणून दोन्हींमध्ये ३६ तासांचं अंतर लागतं, पूर्ण दीड दिवस, जुनीवरून नवीवर जाताना पण आणि नवीवरून जुनीवर येताना पण. नावाच्या शेवटी 'प्रिल' दिसलं की थांबा, एनालाप्रिल, लिसिनोप्रिल, पेरिंडोप्रिल सगळ्या त्यातल्याच. 'सार्टन'वाल्या, म्हणजे टेल्मिसार्टन, लोसार्टन, यांना ३६ तासांची अट नाही, पण वाल्सार्टन नव्या गोळीत आधीच आहे, वरून दुसरी कशाला? आणि कंपनीचं नाव बघू नका, खालचं बारीक नाव वाचा, एकच औषध दोन नावांनी घरात येतं. ओठ-जीभ सुजली तर पुढचा डोस घ्यायचा नाही आणि फोनवर विचारत बसायचं नाही, सरळ इमर्जन्सीत जायचं.

दुसरं म्हणजे "बीपी नॉर्मल आलं म्हणून गोळी सोडली". असं कितीतरी जण दुकानात सांगायचे. अहो, ही गोळी हार्टसाठी आहे, बीपीचा आकडा चांगला आला म्हणून हार्टचं काम संपत नाही. चक्कर येत असेल तर हळू उठा, डॉक्टरांना सांगा, ते डोस बदलतील. मनानं सोडू नका.

आता मीठ. इंदूरमध्ये पोह्यावर सेव नको म्हणणं अवघड आहे, मला माहीत आहे, पण ते मीठ अंगात पाणी धरून ठेवतं. आणि म्हणून कोणी 'लो सोडियम' मीठ आणलं असेल तर तेही विचारल्याशिवाय नको, त्यात बहुतेक वेळा पोटॅशियम असतं, आणि या गोळीनं, त्यात स्पायरोनोलॅक्टोन, म्हणजे लघवीवाटे पाणी काढायची एक गोळी, चालू असेल तर जास्तच, रक्तातलं पोटॅशियम आधीच वाढू शकतं. क्रिएटिनिन (किडनी कशी चाललीय ते कळतं) आणि पोटॅशियमची टेस्ट लिहून देतात ती याच्यासाठी, टाळू नका. गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन मनानं घेणं पण बंद, किडनीवर ताण येतो आणि सूज वाढते.

रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी वजन करा, वहीत लिहा. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर फोन करा, दम लागेपर्यंत थांबू नका.

मागच्या खुर्चीवरच्या काकूंनी विचारलंय, डोस विसरला तर? आठवला की घ्या, पुढच्याची वेळ जवळ आली असेल तर सोडून द्या, दोन एकदम कधीच नाही.

डबे आणायला सांगितले होते, आणलेत ना? आणि डॉक्टरांची शेवटची चिठ्ठी पण. तिकडे टेबल लावलंय, या एकेक करून, चिठ्ठी समोर ठेवून प्रत्येक स्ट्रिप बघू.