आधी विमान सांभाळा

श्रोतेहो, नमस्कार. उडत्या विमानाचं एक इंजिन बंद पडलं म्हणून विमान कोसळत नाही. पुन्हा सांगतो, कोसळत नाही. दोन इंजिनांचं विमान एकाच इंजिनावर सुखरूप उतरावं, अशाच बेतानं ते बनवतात. वैमानिकांना क्रम घोटवून घेतलेला असतो: आधी विमान सांभाळा, मग वाट ठरवा, मग बोला.

आता ४ नोव्हेंबर २०१०ची हकीकत ऐका. ऑस्ट्रेलियाच्या क्वांटास कंपनीचं ए-३८०, चार इंजिनांचं विमान, सिंगापूरहून सिडनीला निघालं. आत ४६९ माणसं. उड्डाणानंतर पाचेक मिनिटांत, सात हजार फुटांवर, धाड धाड असे दोन आवाज झाले. डावीकडचं दोन नंबरचं इंजिन फुटलं होतं. तेलाच्या एका बारीक नळीला तडा गेलेला, तेवढंच कारण. पण इंजिनातल्या फिरत्या चकतीचे तुकडे पंखातून आरपार गेले, वायरी तुटल्या, इंधन गळू लागलं.

कॅप्टन रिचर्ड डी क्रेस्पिनी यांनी पहिल्यांदा काय केलं? वर चढणं थांबवलं. आहे ती उंची, आहे ती दिशा धरली. आधी विमान! मग पडद्यावर एकामागून एक येणारे इशारे पाच वैमानिकांनी वाचून निपटले. त्यातच पन्नासएक मिनिटं गेली. घाई नाही. विमान उडतंय ना, मग घाई नाही.

पावणेदोन तासांनी सिंगापूरच्याच चांगी विमानतळाच्या चार किलोमीटर लांब धावपट्टीवर ते टेकलं, आणि थांबलं तेव्हा पुढे जेमतेम दीडशे मीटर धावपट्टी उरली होती. ब्रेक नऊशे अंशांपर्यंत तापलेले, शेजारी इंधनाची धार, आणि एक नंबरचं इंजिन काही केल्या बंद होईना! तरी कॅप्टननं संकटात बाहेर पडायच्या घसरगुंड्या उघडल्या नाहीत. इंधनावरून, चालू इंजिनाजवळून माणसं पळवण्यापेक्षा आत बसवणं सुरक्षित, हा त्यांचा हिशेब. अग्निशमन दलानं फेस मारला आणि तासाभरानं उजव्या बाजूच्या एकाच दारातून, शिडीनं, लोक उतरू लागले.

विमान टेकताक्षणी पट्टे सोडून बॅगा ओढायची आपल्याकडची सवय मला अजिबात पटत नाही. अशा वेळी तीच जिवावर बेतेल. बसून राहा, बसून राहा.

कोणालाही इजा झाली नाही. ते एक नंबरचं इंजिन मात्र आणखी बराच वेळ फिरत होतं. आणि डी क्रेस्पिनी टर्मिनलमध्ये प्रवाशांसमोर उभे राहिले, काय काय घडलं ते सगळं सांगितलं आणि स्वतःचा मोबाइल नंबरही दिला.